रेडकाचं कार्ड

"भाऊजी, हे कार्ड तुम्हाला कुणी दिलं?"

नखाएवढं ते काळं कार्ड वहिनींनी चिमटीत धरून उजेडाकडे केलं होतं. मी सांगितलं, स्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं दिलं, ओळखीचा आहे, चौसष्ट जीबीचं आहे, आणि वर त्यानं स्क्रीनगार्ड फुकट लावून दिला. ही शेवटची माहिती मी जरा ऐटीत दिली. वहिनींनी कार्ड लॅपटॉपला लावलं, कसलंसं सॉफ्टवेअर चालू केलं आणि मला म्हणाल्या, "बसा. आता हे काठोकाठ भरू, आणि भरलेलं परत वाचून बघू."

बराच वेळ पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. मग ती लाल झाली.

"आठ," वहिनी म्हणाल्या. "आत आठच आहे. बाकीचं नुसतं वर लिहिलंय."

"लग्नाच्या बायोडेटासारखं," मी म्हणालो.

"तुमच्या दादांच्या बायोडेटात 'वाचनाची आवड' असं होतं," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालून आईची हाक आली, माळ्यावर काय चाललंय म्हणून. वहिनी तिथल्या तिथे गप्प झाल्या. ओठ मिटले, पदर सारखा केला आणि खाली वाकून म्हणाल्या, "काही नाही आई."

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काढलं आणि आप्पा गेल्यावर आईनं ते चालवलं. नुसतं गल्ल्यावर बसून नाही, लेथवर उभं राहून. ओतीव लोखंडाची कास्टिंग यायची, आम्ही ती कातून, भोकं पाडून परत द्यायचो. माल आणणं-पोचवणं दादाकडे होतं. मी डिप्लोमाचे राहिलेले विषय सोडवत होतो, म्हणजे घरच्यांची तशी समजूत होती. आणि शर्वरीवहिनी चिपळूणच्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझ्याशी त्या चिमटे काढत बोलायच्या, दादाशी भांडायच्या, दिनकरमामा नावाचा आमचा जुना कारागीर होता त्याची थट्टा करायच्या. आईसमोर मात्र त्यांच्या तोंडून दोनच वाक्यं निघत: 'बरं आई' आणि 'काही नाही आई'. आई वाईट नव्हती. आई फक्त कमी बोलायची, आणि जे बोलायची ते मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे ऐकणाऱ्याला रागावल्यासारखं वाटायचं.

वर्कशॉपच्या पत्र्याखालच्या माळ्यावर वहिनींनी एक गाडी बनवली होती. बुटकी, चार चाकांची. फरशीवर काळी पट्टी चिकटवली की तिच्यावरून ती आपली आपण चालायची, पाठीवर कास्टिंग घेऊन लेथपासून ड्रिलपर्यंत जायची, कुणी आडवं आलं की थांबायची. सुरुवातीला मात्र कुणी आडवं नसतानाही थांबायची आणि काही केल्या हलायची नाही. दिनकरमामाकडे म्हशी होत्या. तो म्हणाला, ह्ये तर माझं रेडकू हाय. तेच नाव पडलं.

रेडकाचं डोकं म्हणजे तळहाताएवढा संगणक. त्याला स्वतःचं काही आठवत नाही. त्याला उठायचं असेल तर कार्डावर सगळं लिहिलेलं लागतं: उठावं कसं, पट्टी ओळखावी कशी, थांबावं कुठं. कार्ड नसेल तर रेडकू म्हणजे चार चाकांवर ठेवलेला पाट. हे मला वहिनींनी समजावलं तेव्हा मी म्हणालो, मग कुठलंही कार्ड घालू, त्यात काय. त्यावर वहिनींनी मला कार्डं आणायला पाठवलं, आणि मी ते चौसष्टातलं आठ घेऊन आलो.

दुसऱ्या खेपेला त्या स्वतः बरोबर आल्या. राजारामपुरीतल्या दुकानात त्यांनी अर्धा काउंटर खाली उतरवून घेतला. मोठं नको, म्हणाल्या, टिकाऊ दाखवा. दुकानदार सगळ्यात झटपट कार्ड पुढे करायचा आणि वहिनी ते बाजूला सारायच्या. रेडकू चालताना सारखं काही ना काही कार्डावर लिहीत राहतं, शिवाय वर्कशॉपात हादरे, उन्हाळा, कास्टिंगची धूळ. तिथं पळणारं कार्ड काय कामाचं, सोसणारं पाहिजे. शेवटी कॅमेऱ्यात दिवसरात्र चालण्यासाठी मिळतात तसली दोन कार्डं त्यांनी निवडली. एक रेडकाला, एक अडीनडीला. दुकानदारानं मला हळूच विचारलं, ताई मास्तरीण आहेत का. मी म्हणालो, नाही, आमच्या वहिनी आहेत.

माळ्यावर येऊन त्यांनी दोन्ही कार्डं आधी भरून, वाचून तपासली. मग लॅपटॉपवरची मूळ प्रत त्यांच्यावर उतरवली. उतरवून झाल्यावर कार्डावरचं परत वाचून मूळ प्रतीशी ताडून पाहायचं असतं, आणि त्याला उतरवण्याइतकाच वेळ लागतो. ते मी सोडून द्या म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जे सोडावंसं वाटतं तेच करायचं असतं." माझे डिप्लोमाचे विषय का राहिले ते मला त्या दिवशी कळलं.

एवढी काळजी घ्यायला कारण होतं. शिरोलीला माणगावे शेठची नवी फौंड्री दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायची होती. आमचं निम्मं काम शेठकडूनच यायचं. त्यांना नवलाईची हौस. त्यांनी दादाकडून रेडकाचं ऐकलं आणि म्हणाले, भट्टीतली पहिली कास्टिंग तुमच्या गाडीवरून पूजेच्या चौरंगापर्यंत येऊ दे, पाहुणे बघतील. दादा खूश झाला. आईनं ते ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि वहिनींना सांगितलं, "शर्वरी, शेठच्या हितं गाडी चालली तर माळा तुझा. न्हाई चालली तर समदं सामान खाली आणायचं. माळ्यावर कास्टिंग ठिवायला जागा पायजे मला."

"बरं आई," वहिनी म्हणाल्या.

त्या माळ्यावर त्यांचं काय काय होतं ते मलाच माहीत होतं. तारा, चाकं, स्क्रू आणि कॉलेजातलं एक जुनं स्टूल, हे तर कुणालाही दिसलं असतं. पण त्या घरात वहिनी मोठ्यानं हसायच्या ती जागाही तेवढीच होती. माळा गेला असता तर त्या कुठे हसल्या असत्या, कुणास ठाऊक. आईला मी हे सांगायला हवं होतं, पण घरात धाकटा म्हटलं की त्याचं सांगणं चहाबरोबर पिऊन टाकतात.

खंडेनवमी आली. उद्यमनगरातली खंडेनवमी ज्यानं पाहिली आहे त्याला दिवाळीही फिकी वाटली तर नवल नाही. आदल्या दिवसापासून गल्लीभर रॉकेल आणि झेंडूचा वास. मशीनं घासूनपुसून लख्ख, दाराला केळीचे खुंट, लेथच्या गळ्यात हार. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, हत्याराला सुट्टी. आई पाटावर लाल कापड अंथरायची आणि त्यावर मापं घ्यायचे व्हर्निअर, मायक्रोमीटर, मग पाने, हातोडे ओळीनं मांडायची. पूजा तीच करायची. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून तिची एक पद्धत होती: आधी तेलाचं बोट, मग ओली हळद, मग कुंकू. तिनं लावलेलं कुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत हातोड्यावर दिसायचं.

सगळं मांडून झालं. वहिनी पंचारती घेऊन मागे उभ्या होत्या. आईनं पाटाकडे पाहिलं, मग मागे न वळता विचारलं, "शर्वरी, तुझी हत्यारं कुठं हाईत?"

वहिनींना कळलंच नाही. "माझी?"

"मग कुणाची? रेडकू हाय, त्येचं ते कार्ड हाय. आण की."

वहिनी शिडीवरून वर गेल्या त्या अक्षरशः धावत. त्यांना त्या घरात धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर आणले, सोल्डरिंगची कांडी आणली, लॅपटॉप आणला. रेडकातलं कार्ड काढलं, अडीनडीचं डबीतून काढलं आणि दोन्ही कार्डं ओंजळीतून नेऊन आईसमोर धरली. आईनं लॅपटॉपच्या पाठीवर कुंकू लावलं, कांडीला लावलं, रेडकाला हार घातला. मग एक कार्ड उचलून तिनं उलटंपालटं केलं.

"ह्येचं तोंड कुठलं?"

लेथचं तोंड म्हणजे लोखंड पकडणारा चक, हातोड्याचं तोंड डोकं. कुंकू तोंडावर लावायचं असतं. विचारलं ते रास्तच होतं. वहिनी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "ही सोनेरी बाजू. हिनंच ते मशीनला चिकटतं." आणि माझं म्हणणं तसं खरंही होतं.

आईनं सोनेरी बाजूवर तेलाचं बोट फिरवलं. मग हळद. मग कुंकू, चांगलं ठसठशीत. मग दुसरं कार्ड घेतलं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या सोनेरी पट्ट्यांना नुसतं बोटसुद्धा लावू नका म्हणून त्या मला दहादा ओरडल्या होत्या. त्यांचा हात जरासा वर आला होता. मग तो तसाच पदराकडे गेला आणि पदर सारखा करून खाली आला. आईनं हात जोडले, वहिनींनीही जोडले.

नंतर शिडीपाशी गाठून मी विचारलं, बोलला का नाहीत म्हणून. वहिनींचे डोळे पाण्यानं भरले होते, पण चेहरा असा खुलला होता की मला आधी वाटलं, त्यांना काय घडलंय ते समजलंच नाही.

"भाऊजी, तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या कामाला हत्यार म्हटलं," त्या म्हणाल्या. "आणि मी काय, कार्डाची काळजी सांगत बसू? सकाळी पुसू. आणि तुम्ही आईंना एक अक्षर बोलायचं नाही."

दसऱ्याला सकाळी आईनं अक्षता टाकून पूजा हलवली. दारात टेम्पो उभा होता, दादा आधीच शिरोलीला पुढे गेला होता. रेडकाच्या आड बसून वहिनींनी एक कार्ड रुमालानं पुसलं, पुन्हा पुसलं, आत सरकवलं. दिवा लागला. रेडकू दोन हात पुढे आलं आणि आईच्या पायाशी थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. अडीनडीचं कार्ड तसंच डबीत टाकून आम्ही निघालो. आई ड्रायव्हरशेजारी, मी आणि वहिनी मागे रेडकाला धरून. रस्ता असा की आम्हालाच कुणीतरी धरायला हवं होतं.

फौंड्रीत मांडव, झेंडूची तोरणं, गुरुजी, खुर्च्यांवर पाहुणे. काळी पट्टी मी आदल्या दिवशीच चिकटवून आलो होतो, भट्टीपासून चौरंगापर्यंत. रेडकू उतरवलं, पट्टीवर ठेवलं, वहिनींनी बटण दाबलं. दिवा लागला आणि विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

वहिनी फरशीवर मांडी घालून बसल्या, नव्या साडीनिशी. कार्ड लॅपटॉपला लावून पाहिलं. तेल आणि हळदीचा एक थर अजून पट्ट्यांवर होता. टेम्पोत रेडकू चालूच राहिलं होतं आणि काहीबाही लिहीत होतं. हादऱ्यांनी कार्ड लागत-सुटत राहिलं, आणि लिहिता लिहिता मधेच तुटून कार्डावरचा सगळा मजकूर विस्कटला होता. मूळ प्रत त्यावर परत उतरवायचा प्रयत्न केला, तर कार्ड मधेच ओळख विसरायचं. वहिनी म्हणाल्या, दुसरं द्या. दुसऱ्यावरचं कुंकू कुणी पुसलंच नव्हतं, ते वाळून खडखडीत झालं होतं. मदत करावी म्हणून मी खिशातला चाकू काढला आणि बेतानं खरवडलं. कुंकू निघालं. त्याच्याबरोबर सोनंही निघालं.

मी तळहात पुढे केला. वहिनींनी पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "राहू दे" म्हणाल्या.

तेवढ्यात आई आली. माझ्या तळहातावर लाल भुकटी, तिच्यात चमकणारा कपचा, शेजारी चाकू. आईनं जन्मभर लोखंडाचे कपचे पाहिले होते. कुठला कपचा कशानं निघाला ते तिला विचारावं लागत नसे.

"कुंकू मी लावलं म्हणून झालं न्हवं ह्ये?"

"नाही आई," वहिनी म्हणाल्या. "कार्डच जुनं होतं."

"नवी आणलीत ती गेल्या आठवड्यात. मला दिसत न्हाई व्हय?" आईनं आवाज चढवला नाही. "आता काय लागंल?"

"दुसरं कार्ड लागेल. पण आज सणाचं, सकाळी कोण दुकान उघडून बसलंय."

आईनं कमरेची पिशवी सोडली, आपला मोबाइल काढला. केसातली पिन काढून तिनं पाठीमागचं झाकण उचकटलं, बॅटरी काढली आणि आतलं कार्ड पिनेनं ढकलून बाहेर घेतलं. तीन वर्षांपूर्वी दादानं तिला तो मोबाइल दिला होता, कार्ड तेव्हापासूनचं.

"ह्ये बघ चालतंय का."

वहिनींनी ते पाहिलं, लॅपटॉपला लावलं. पडद्यावर आरत्या आल्या, लग्नांतले फोटो आले आणि आप्पांचे फोटो आले. जुन्या अल्बमवरून मोबाइलनं काढलेले; लेथपाशी उभे असलेले आप्पा, पन्हाळ्यावर टोपी घातलेले आप्पा.

"चालेल. पण आई, ह्याच्यावर लिहिलं की आधीचं सगळं पुसलं जातं."

"पुसू दे."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. आईनंही पाहिलं.

"आधी हे सगळं लॅपटॉपवर उतरवून घेणार, मग लिहिणार," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात कार्डावरून हलला नव्हता. "वेळ लागेल. मुहूर्त गेला तरी चालेल, माळा गेला तरी चालेल. आप्पांचे फोटो पुसून मी गाडी चालवणार नाही."

आईनं पदर कमरेला खोचला. मग ती सरळ चौरंगाकडे गेली. गुरुजी शेठना घाई करत होते, शेठ दादाला विचारत होते आणि दादा घामाघूम झाला होता. मी मागोमाग गेलो.

"शेठ," आई म्हणाली, आणि मशीनवरचा तिचा तो आवाज मांडवभर गेला. "गाडी माझ्या सुनंनं केलीया आन् चोख केलीया. बिगाड मी केलाय. कुंकू नगं तितं लावलं. तिला वाईच येळ लागतोय. मुहूर्त टळाय नको, आत्ता मी ढकलत आणते."

पाहुण्यांत कुजबुज झाली. शेठचा चेहरा उतरला. ते आईला म्हणाले, पोवारवहिनी, आपोआप चालणारी गाडी म्हणाला होतात तुम्ही.

"जेवणं व्हायच्या आत आपोआप चालंल. न्हाई चालली तर तुमचं काम माझ्या वर्कशॉपला देऊ नगा."

दादानं डोळे मिटले. निम्मं काम शेठचं. आई असं बोलेल हे आम्हा दोघा भावांना कुणी सांगितलं असतं तर आम्ही पैज लावून हरलो असतो.

मग आई भट्टीपाशी आली. दोघांनी निवलेली पहिली कास्टिंग उचलून रेडकाच्या पाठीवर ठेवली. आई वाकली, दोन्ही हात टेकले आणि त्या काळ्या पट्टीवरून, जराही इकडे तिकडे न होता, रेडकू ढकलत चौरंगापर्यंत घेऊन गेली. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, तू वैनीपाशी थांब. वाटेत तिचा गुडघा एकदा दुखला असावा, ती थांबली आणि पुन्हा चालू लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी ऐकून वाजवल्या. नारळ फुटला. मुहूर्त साधला.

वहिनींनी हे सगळं बसल्या जागेवरून पाहिलं. त्यांची आसवं लॅपटॉपवर पडत होती आणि त्या ती साडीच्या पदरानं टिपत होत्या, लॅपटॉपवरची आधी, गालावरची नंतर.

फोटो उतरले. ते नीट उघडतात का, हे वहिनींनी एकेक करून पाहिलं. मग कार्ड अस्सल आहे ना हे तपासलं, मग मूळ प्रत उतरवायला घेतली. पट्टी सरकू लागली. मांडवात पंगती बसल्या, जिलबीचा वास आला. आई आमच्यापाशी येऊन फरशीवर टेकली आणि गुडघा चोळू लागली. मग कुणी न विचारता बोलू लागली. एरवी ती वर्षभरात बोलायची नाही इतकं.

आप्पा गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला ती लेथवर काम करत होती. आप्पांचं मायक्रोमीटर तिच्या हाताला बसलं नाही म्हणून तिनं स्वतःचं घेतलं होतं, लहान. पूजेच्या दिवशी तिनं ते पाटावर ठेवलं, तर माझ्या आजीनं उचलून बाजूला ठेवलं. बाईमाणसाचं हत्यार पूजेत नसतं, म्हणाली. आई काही बोलली नाही. पुढं आजी थकली, पूजा आईकडे आली, मायक्रोमीटर पाटावर आलं. पण तेव्हा त्याला कुंकू लावायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं आपलं आपणच लावलं.

"म्हटलं, शर्वरीच्या हत्याराला तरी दुसऱ्याच्या हातचं लागू दे," आई म्हणाली. "म्हणून जरा जास्तीच लावलं."

पट्टी शेवटाला पोचली आणि संगणकानं विचारलं, लिहिलेलं ताडून पाहू का. मी पंगतीकडे पाहिलं. पहिली पंगत उठत आली होती. "वहिनी, आजच्या दिवस सोडा," मी म्हणालो. वहिनींनी नाक पुसलं आणि 'हो' वर बोट दाबलं.

ताडून झालं. तोवर मी रेडकू परत भट्टीपाशी आणून ठेवलं होतं. कार्डं निवडायला आम्ही राजारामपुरीत अर्धा काउंटर उतरवून घेतला होता, आणि शेवटी रेडकाच्या डोक्यात गेलं ते आईच्या मोबाइलमधलं, आरत्यांचं. दिवा लागला. लागलेलाच राहिला. रेडकू हललं आणि पट्टीवरून चालू लागलं, पाठीवर मी घाईघाईनं ठेवलेली कास्टिंग घेऊन. हात धुवायला निघालेले पाहुणे बाजूला झाले. माणगावे शेठ मात्र पट्टीवरच उभे होते, पानाचा विडा उघडत. रेडकू त्यांच्या धोतराच्या सोग्यापाशी येऊन थांबलं.

"हे का थांबलं?" शेठनी विचारलं.

"माणूस आडवा आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सरकलात की जाईल."

शेठ सरकले. रेडकू गेलं. शेठ पुन्हा मुद्दाम आडवे झाले, रेडकू पुन्हा थांबलं. असं त्यांनी इतक्यांदा केलं की शेवटी गुरुजींनी त्यांना दक्षिणेची आठवण करून दिली. दिवाळीनंतर बसून बोलू, अशा आणखी लागतील, असं ते दादाला म्हणाले. पण बोलताना पाहत होते वहिनींकडे.

परतताना आई पुढे बसली नाही. आम्हा दोघांबरोबर मागे चढली आणि रेडकाला टेकून बसली. शिरोली मागे पडली. मग आई म्हणाली, "माझं कार्ड मला नगं. त्येच्याच डोक्यात राहू दे. मोबाइलला दुसरं घ्या."

वहिनींनी मान हलवली.

"आन् आज न्हाई म्हणालीस त्ये बरं केलंस. पर कुंकू लावताना बी म्हणायचं हुतंस. तुला दिसत हुतं की. गप का बसलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू द्यायचं," आई म्हणाली. "घरातल्या माणसानं बोलायचं असतंय, शर्वरी. गप पाव्हणं बसत्यात. तीन वर्सं झाली, पाव्हणी अजून किती दिस राहणार हाईस?"

टेम्पो पंचगंगेच्या पुलावर आला होता. वहिनींनी पाण्याकडे पाहिलं, रेडकाकडे पाहिलं. मग आईकडे वळल्या.

"मग आई, माळ्याला एक खिडकी पाडायची," त्या म्हणाल्या. "पत्र्याखाली भाजून निघतं मला. आणि तुम्ही खालून हाक मारता ना, ती इतक्या मोठ्यानं मारायची नाही. मी दचकते, हातातला स्क्रू पडतो आणि मग अख्खा दिवस सापडत नाही. आणि ती शिडी बदलायची. साडीत चढता येत नाही तिच्यावर. आणि—"

आई ऐकत राहिली. पूल संपला, गाव आलं, उद्यमनगरचं वळण आलं, तरी वहिनींचं सांगणं संपत नव्हतं.